'फॉदर' : ओझ्याचा एक जुना इंग्रजी शब्द

इंग्रजीत ओझ्याला आज सर्रास वापरला जाणारा 'लोड' हा शब्द मुळात ओझ्याचा नव्हे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो 'लाड' या रूपाने आढळतो, आणि तेथे त्याचा अर्थ वाट, प्रवास, वाहून नेणे असा आहे. ध्रुवताऱ्याला इंग्रज लोक 'लोडस्टार' म्हणतात ते यामुळेच; तो तारा ओझे वाहत नाही, वाट दाखवितो. लोहचुंबकाच्या 'लोडस्टोन' या नावातही तीच जुनी वाट शिल्लक आहे. पुढे वाटेने जे नेले जाई त्यालाच वाटेचे नाव मिळाले. त्यात 'लेड' म्हणजे लादणे हे क्रियापद उच्चाराने जवळचे, पण कुळाने निराळे. त्याच्या संगतीने 'लोड' पुरता ओझ्याच्या अर्थाला चिकटला. मग त्यापूर्वी इंग्रज शेतकरी आणि गाडीवान ओझ्याला काय म्हणत होते, हा प्रश्न साहजिक उभा राहतो.

त्यांच्यापाशी एक नव्हे, चार शब्द होते आणि प्रत्येकातून वाहणारा कोण हे कळे. 'बर्डन' या शब्दाचे जुने रूप 'बिर्थेन' हे माणसाच्या खांद्यावरचे ओझे. ते 'वाहणे' या अर्थाच्या धातूपासून झाले असून आपल्या 'भृ' धातूशी आणि म्हणून 'भार' या शब्दाशी त्याचे रक्ताचे नाते आहे. 'सीम' हे घोड्याच्या पाठीवरचे ओझे. ग्रीक भाषेतील पालाणाचा शब्द लॅटिनच्या वाटेने इंग्लंडात पोचला आणि पालाणाऐवजी पालाणावरच्या मालाचे नाव होऊन बसला. 'लास्ट' हे भरताड, विशेषेकरून जहाजातले. आणि चौथा शब्द 'फॉदर', गाडीभर ओझे. (वाचकांनी कृपा करून येथे 'फादर' वाचू नये; पित्याशी किंवा पाद्र्याशी या शब्दाचा संबंध नाही.)

या चौथ्या शब्दाचाच आम्ही येथे विचार करणार आहो. तो आज इंग्रजी बोलण्यातून जवळजवळ गेला आहे, आणि शालेय कोशात तो सापडणार नाही. परंतु जुने कागद वाचणाऱ्यास आणि ते इतरांसाठी छापणाऱ्यास या एका शब्दाच्या इतिहासात जे शिकावयास मिळते, ते मापांच्या कोष्टकांच्या जाडजूड पुस्तकात मिळत नाही, असे आमचे मत झाले आहे.

व्युत्पत्तीपासून आरंभ करू. जर्मनमध्ये 'फूडर' आणि डचमध्ये 'फूर' ही याची भावंडे आहेत. तेव्हा हा शब्द अँग्लो-सॅक्सन लोक ब्रिटनमध्ये येण्यापूर्वीचाच समजला पाहिजे. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते 'फॅदम' या शब्दाशी जोडतात. 'फॅदम' म्हणजे आपली 'वाव' : दोन्ही हात पसरले असता एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचे अंतर. मुळातला अर्थ पसरणे, कवेत घेणे. म्हणजे फॉदर हे आरंभी कवेत मावेल तेवढे, आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत 'कवळा', असे काही असावे. मग कवळ्यांचा ढीग गाडीवर चढला आणि ढिगाचे नाव गाडीच्या मालाला मिळाले. माणसाच्या दोन हातांपासून निघालेला शब्द दोन चाकांवर येऊन बसला.

अँग्लो-सॅक्सन बखरीच्या पीटरबरो येथील प्रतीत 852 सालाखाली एक करार नोंदलेला आहे. ही प्रत 12 व्या शतकातली आणि नोंद मठाने आपल्या हक्कासाठी घातलेली, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही नोंद बोलकी आहे. मठाधिपती केओलरेड याने सेम्प्रिंगहॅमची जमीन वुल्फ्रेड नावाच्या माणसास हयातीपर्यंत दिली, आणि त्या बदल्यात वुल्फ्रेडने दरवर्षी मठास जे पोचवावयाचे त्यात साठ फॉदर लाकूड, बारा फॉदर 'ग्राफान' आणि सहा फॉदर काटक्या आहेत. पुढे दोन पिंपे बिअर, कापलेली दोन जनावरे, सहाशे पाव, एक घोडा, तीस शिलिंग आणि मठाधिपतीचा एका रात्रीचा पाहुणचार. या 'ग्राफान' शब्दावर विद्वानांचा पुष्कळ वाद झाला आहे. कोणी तो 'खणून काढलेला' म्हणजे दगडी कोळसा समजतात आणि इंग्लंडातील कोळशाचा हा पहिला उल्लेख म्हणून मिरवितात. कोणी त्याचा अर्थ झुडपांची सरपणे असा करतात. आम्हांस येथे त्या वादात शिरण्याचे कारण नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, या नोंदीत फॉदर किती वजनाचा हे कोठेही सांगितलेले नाही, आणि ते सांगण्याची कोणास गरजही वाटलेली नाही. गाडी किती मोठी, बैल किती ओढतात, रस्ता किती चिखलाचा, हे देणारा आणि घेणारा दोघेही जाणत होते. साठ फॉदर म्हणजे साठ खेपा. माप गाडीवानाच्या हातात होते.

पुढे पाच शतकांनी, 14 व्या शतकाच्या अखेरीस, चॉसर कवीच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये हा शब्द दोन ठिकाणी भेटतो, आणि ती दोन ठिकाणे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. प्रस्तावनेत गावच्या सज्जन पाद्र्याचा भाऊ असलेला नांगऱ्या येतो. त्याची ओळख कवी करून देतो ती अशी की, या माणसाने आयुष्यात कितीतरी फॉदर शेणखत वाहिले. आणि सरदाराने सांगितलेल्या कथेत थीसियस राजा मंगळ देवतेसाठी वेदी उभारतो, तिला एक फॉदर सोने लागले असे कवी सांगतो. शेणाला आणि सोन्याला एकच शब्द! कोणी म्हणेल की दोन्ही ठिकाणी यमकाची सोय पाहिली आहे. एके ठिकाणी 'भाऊ' आणि दुसऱ्या ठिकाणी 'दुसरा' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांशी तो छान जुळतो. ते खरे. परंतु यमकाची सोयही भाषेत शब्द जिवंत असल्यावाचून होत नाही. नांगऱ्याच्या फॉदरमध्ये गाडी आहे, तिच्यामागून चालणारा माणूस आहे, वास आहे. राजाच्या फॉदरमध्ये यांपैकी काही नाही. तो केवळ 'अमाप' या अर्थाचा शब्द झाला आहे, जसे आपण 'खंडीभर' म्हणतो तसा. एकाच कवीच्या एकाच काव्यात या शब्दाची दोन्ही वये दिसतात.

ज्या मालाशी हा शब्द शेवटपर्यंत जडून राहिला तो माल म्हणजे शिसे. देवळांची व मठांची छपरे, पाण्याचे नळ, खिडक्यांच्या रंगीत काचा जोडणाऱ्या पट्ट्या, या सर्वांना शिसे लागे, आणि ते डर्बीशरच्या डोंगराळ 'पीक' प्रदेशातून, यॉर्कशरमधून, उत्तरेकडील खोऱ्यांतून निघे. ओतलेल्या शिशाच्या लगडी गाडीत घालून नदीपर्यंत नेत. म्हणून शिसे 'गाडी'वर मोजले जाऊ लागले. लॅटिनमध्ये हिशेब लिहिणारे कारकून 'कारुस' म्हणजे गाडी असे लिहीत. तोंडाने बोलणारे लोक फॉदर म्हणत.

मात्र शिसे हा मौल्यवान माल. शेणखताच्या खेपेत दोन पाट्या इकडेतिकडे झाल्या तर कोणी भांडत नाही. शिशाच्या बाबतीत ते चालण्यासारखे नव्हते. सन 1300 च्या सुमाराचा, वजने-मापांविषयीचा एक लॅटिन मजकूर इंग्लंडच्या कायद्यांच्या संग्रहात छापला जातो. त्यात शिशाच्या गाडीचे वजन बांधून दिले आहे : तीस 'फोटमल', म्हणजे तीस लगडी, प्रत्येक लगड सहा 'स्टोन'ला दोन रत्तल कमी, आणि स्टोन बारा रत्तलांचा. म्हणजे लगड 70 रत्तलांची आणि गाडी 2100 रत्तलांची. येथपर्यंत सर्व स्वच्छ आहे. पण लगेच तोच मजकूर सांगतो की, इतर काहींच्या मते गाडी बारा 'वे' वजनाची असते. शिवाय लंडनची मोठी गाडी वेगळी. पीक प्रदेशातील गाडी तिच्याहून पुष्कळच लहान. नियम सांगता सांगता नियमकर्त्याने अपवाद सांगून टाकले! वर्गात व्याकरण शिकविणाऱ्या शिक्षकाची ही अवस्था आम्ही चांगली ओळखतो.

नंतरच्या काळात लंडनचा फॉदर साडेएकोणीस हंड्रेडवेटांचा ठरला. हंड्रेडवेट याचा शब्दशः अर्थ 'शंभराचे वजन'. ते 112 रत्तलांचे असते, हे इंग्रजी मापांची ज्यांना सवय आहे त्यांना सांगावयास नको. साडेएकोणीस हा आकडा मात्र आम्हांस बराच काळ कोड्यात टाकीत होता. वीस का नव्हे? आमच्या समजुतीने याचे उत्तर लोकरीत आहे. साडेएकोणीसास 112 ने गुणले असता 2184 रत्तल येतात. इंग्लंडच्या व्यापाराचा खरा राजा असलेल्या लोकरीचा एक पोता 14 व्या शतकापासून 364 रत्तलांचा धरला जाई, आणि 364 ची सहापट बरोबर 2184 होते. त्याच पोत्यात दोन 'वे' असत. म्हणजे त्या जुन्या मजकुरातील बारा वे हेच सहा पोते. जुन्या हिशेबातील 350 रत्तलांचा पोता घेतला तर त्याची सहापट 2100, म्हणजे तीस लगडी. दोन्ही बाजूंनी गणित जुळते. शिशाची गाडी ही लोकरीच्या सहा पोत्यांइतकी! गाडीवर काय घातले आहे हे न पाहता, किती घातले आहे हे ठरविण्याची बुद्धी यात दिसते. येथे गाडी ही गाडी राहिलेली नाही. ती हिशेबनीसाच्या चोपडीतील रकाना झाली आहे.

आणि तरीही देशभर तो रकाना एक झाला नाही. लंडनमध्ये साडेएकोणीस, न्यूकॅसलला एकवीस, डर्बीशरमध्ये साडेबावीस हंड्रेडवेट, असे फॉदर शेकडो वर्षे शेजारीशेजारी नांदले. पूर्वी ज्या पीक प्रदेशाची गाडी लहान म्हणून सांगितली, त्याच मुलुखाचा फॉदर पुढे सर्वांत जड झालेला दिसतो. याचा अर्थ काय? तेरा डर्बी फॉदर आणि पंधरा लंडन फॉदर यांचे वजन तंतोतंत सारखे भरते. वाचकांनी गुणाकार करून पाहावा. खाणीच्या तोंडाशी तेरा घेणाऱ्याला लंडनच्या वखारीत पंधरा मोजून देता येत. जाणते व्यापारी भावात हा फरक धरीत असणार, हे उघड आहे. पण फरक धरणे ज्याला येते तोच जाणता. जो माणूस डोंगरात खणतो, ज्याने लंडन पाहिले नाही, त्याच्या लेखी फॉदर म्हणजे फॉदर. आमचे मत असे की, विकत घेणारा बलिष्ठ आणि विकणारा दुबळा असेल तेथे माप फुगत जाते. ते आपोआप फुगत नाही.

खाणकाम्यांनाही हे समजत होते, आणि त्याचा पुरावा आजही डोळ्यांनी पाहता येतो. डर्बीशरमधील वर्क्सवर्थ या गावी आठव्या हेन्री राजाच्या कारकिर्दीच्या आरंभी, 1512–13 च्या सुमारास, एक लांबट पितळी पात्र तयार करण्यात आले. शिशाचे कच्चे खनिज मोजण्याचे हे प्रमाण-पात्र. अशा नऊ पात्रांचे एक 'लोड' होई, आणि दर तेराव्या पात्रावर राजाचा हक्क असे. पात्रावर कोरलेल्या लेखाचा आशय असा आहे : हे पात्र गावच्या चावडीत साखळीने टांगलेले राहील, म्हणजे व्यापारी असो वा खाणकामी, कोणासही केव्हाही येऊन आपले माप त्याच्याशी पडताळून पाहता येईल. 'कोणासही' आणि 'केव्हाही' हे दोन शब्द आम्हांस फार महत्त्वाचे वाटतात. माप किती मोठे याहून ते कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न मोठा. वर्क्सवर्थचे पात्र चावडीत टांगलेले होते. फॉदर मात्र कोठेच टांगून ठेवता येण्याजोगा नव्हता. एका टनाची वस्तू कोण टांगणार?

उत्तरेकडे न्यूकॅसलच्या कोळशातही हाच शब्द होता. तेथील फॉदर म्हणजे 'चाल्ड्रन' या कोळशाच्या मोठ्या मापाचा एकतृतीयांश भाग, आणि तो एका घोड्याच्या गाडीचा चांगला भरगच्च माल समजत. 17 व्या शतकाच्या अखेरीस न्यूकॅसलचा चाल्ड्रन कायद्याने 53 हंड्रेडवेटांचा ठरविला गेला. तेव्हा फॉदर पावणेअठराच्या किंचित आत. पण हा चाल्ड्रन मूळचा एवढा नव्हता. 14 व्या शतकात तो याच्या निम्म्याहून कमी असावा, असा इतिहासकारांचा कयास आहे. वाढला कसा? राजाची जकात चाल्ड्रनावर होती, दर चाल्ड्रनास दोन पेनी. वजन वाढवीत नेले आणि संख्या तीच ठेवली की जकात वाचते. 1421 च्या एका कायद्यात स्पष्ट तक्रार आहे की, कोळसा वाहणाऱ्या होड्या वीस चाल्ड्रनांच्या असावयाच्या, त्या लोक बावीस-तेवीसांच्या बांधतात आणि जकात मात्र विसांची भरतात. शिशात खरेदीदाराने मापाला हात लावला असेल, तर कोळशात करदात्याने लावला. लंडनच्या चाल्ड्रनाला ही गरज पडली नाही. तो न्यूकॅसलच्या जवळजवळ निम्माच राहिला.

ही सारी परदेशची कथा आम्ही आपल्या वाचकांपुढे का मांडीत आहो, असे कोणी विचारील. त्याचे कारण आपल्या घरात आहे. आपल्यापैकी अनेक जण जुने दप्तर वाचतात, गावोगावची देवस्थानांची, मठांची, वतनांची कागदपत्रे छापतात, आणि शेवटी एक परिशिष्ट जोडतात : इतक्या पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, खंडी म्हणजे आजचे इतके किलो. परिशिष्ट सुबक दिसते. पण पायलीचा मण कोठे बारा पायल्यांचा, कोठे सोळा पायल्यांचा. धान्याची खंडी मापाची, तर कापसाची वजनाची. आणि मेंढ्या मोजू लागले की खंडी म्हणजे नुसते वीस. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द पाहावा म्हणजे एका शब्दाखाली किती मापे दाटीवाटीने राहतात ते कळते. मुंबईच्या कापूस बाजारात इंग्रजांनी याच शब्दाची 'कँडी' करून तिला 28 मणांची केली, आणि मणही 28 रत्तलांचा धरला.

'भार' या आपल्या शब्दाचेही हेच झाले. अमरकोशाप्रमाणे शंभर पलांची तुला आणि वीस तुलांचा भार. असे दहा भार झाले की 'आचित'. आणि आचित म्हणजे गाडीभर ओझे, असे अमरसिंह स्वतः सांगतो. म्हणजे इंग्रजांच्या फॉदरला संस्कृतात थेट प्रतिशब्द आहे! हा भार अरबांच्या आणि मलायी खलाशांच्या जहाजांतून 'बहार' होऊन हिंदी महासागरभर फिरला. पोर्तुगीज आले तेव्हा मिरी आणि लवंग बहारावर विकली जात होती. अंतोनियु नुनिश याने 1554 साली हिंदुस्थानातील व पूर्वेकडील बंदरांच्या वजनांचे पुस्तक पोर्तुगीजांसाठी लिहिले, ते का लिहावे लागले हे सहज ध्यानात येते. बंदर बदलले की बहार बदले, आणि एका बंदरातही माल बदलला की बहार बदले. नुनिशने एकच सरासरी आकडा देऊन काम उरकले नाही, गाववार आणि मालवार लिहिले. आमच्या संपादक मित्रांपुढे आम्ही हाच कित्ता ठेवू इच्छितो. कागदात 'खंडी' असेल तर मजकुरात खंडीच राहू द्यावी. तिचे किलो करावयाचे असतील तर कोणत्या गावची, कोणत्या मालाची, देणाऱ्याची की घेणाऱ्याची, हे त्याच कागदांच्या पुराव्याने सांगावे, आणि पुरावा नसेल तर आकडा देऊ नये. 1956 च्या वजन-माप कायद्यानंतर काही वर्षांत बाजारात दशमान आले, ते उत्तमच झाले. पण भूतकाळाला दशमान लावण्याचा अधिकार त्या कायद्याने कोणास दिलेला नाही.

फॉदर या शब्दाच्या आसपास काही तोतयेही वावरतात. त्यांच्यापासून विद्यार्थ्यांस सावध केले पाहिजे. गुरांच्या वैरणीला इंग्रजीत 'फॉडर' म्हणतात. तो शब्द 'फूड' म्हणजे अन्न याच्या कुळातला. परंतु जुने लेखक शिशाच्या फॉदरलाही बेधडक 'फॉडर' लिहीत, त्यामुळे एखाद्या नवशिक्या वाचकास मठाच्या हिशेबात शिशाची वैरण सापडावयाची. दुसरा तोतया समुद्रावरचा. 11 जून 1770 रोजी कॅप्टन कुक याचे 'एंडेव्हर' जहाज ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेच्या प्रवाळखडकावर आदळले. तेव्हा जोनाथन मंकहाऊस नावाच्या तरुण अधिकाऱ्याने एका शिडात सुताडा आणि लोकर टोचून, त्यावर शेण-लेंड्यांचा थर देऊन, ते शीड जहाजाच्या पोटाखालून भोकावर ओढून बसविले, आणि पाणी आवरले. या क्रियेलाही इंग्रज खलाशी 'फॉदर करणे' म्हणतात. हा शब्द डच भाषेतील 'अस्तर लावणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला दिसतो. गाडीशी त्याचा काही संबंध नाही. शब्द दिसावयास एक म्हणून मूळ एक, हा भ्रम आपल्याकडेही पुष्कळ व्युत्पत्तिकारांना नडला आहे.

जर्मन फूडर मात्र खरा सख्खा भाऊ, आणि त्याचे दैव निराळे. तो मद्याच्या पिंपात शिरला. मोझेल नदीच्या खोऱ्यात सुमारे हजार लिटरांचे लाकडी पिंप आजही फूडर म्हणूनच ओळखले जाते. गाडीवर एक पिंप चढत असे, म्हणून पिंपालाच गाडीभर ओझ्याचे नाव. फ्रेंचांनी तो उसना घेऊन 'फूद्र' केला, आणि योगायोगाने त्यांच्या भाषेत वीज या अर्थाचा शब्दही हुबेहूब तसाच असल्याने तेथे तळघरात वीज साठविलेली असते!

एक प्रकरण आम्ही मुद्दाम शेवटास ठेवले आहे. 1536 ते 1540 या चार वर्षांत आठव्या हेन्रीने इंग्लंडातील मठ मोडले. जमिनी विकल्या, भांडी वितळविली, घंटा फोडल्या. परंतु इमारतींत ठोक किंमतीची वस्तू एकच होती, ती छपरावर. राजाचे अधिकारी आले की प्रथम छपराकडे पाहात आणि त्यावर किती फॉदर शिसे निघेल याचा अंदाज बांधीत. त्यांच्या याद्यांत मठामागून मठ असे फॉदरांत उतरलेले आहेत. ज्या छपराखाली चारशे वर्षे प्रार्थना चालल्या त्याचे माप शिशाच्या गाड्या एवढेच उरले. यॉर्कशरमधील रोश मठाच्या मोडतोडीचा वृत्तान्त मायकेल शेरब्रुक या पाद्र्याने पुढे लिहून ठेवला आहे. देवळात भिक्षू ज्या लाकडी आसनांवर बसत ती आसने जाळून त्या आगीवर शिसे वितळविले, असे तो सांगतो. त्याच्या वडिलांनी स्वतः तेथील लाकूडफाटा विकत घेतला होता. पुढे मुलाने विचारले, त्या वेळी भिक्षूंविषयी आपले मत वाईट होते काय? वडील म्हणाले, नव्हते. वाईट वाटण्याचे कारणही नव्हते. मग आपण हे कसे केले? त्यावर त्यांच्या उत्तराचा आशय असा की, सर्वच जाणार हे दिसत होते, इतरांनी केले तेच मी केले. आम्ही हा प्रसंग वरच्या वर्गांत अनेकदा सांगितला आहे. मुले बापाला दोष देण्यास चटकन पुढे येतात. मग कोणीतरी विचारतो की सर, गावात राहून त्याने दुसरे काय केले असते, आणि वर्ग गप्प होतो.

त्याच यॉर्कशरमध्ये रीव्हो येथे 1132 साली स्थापन झालेला सिस्टर्शियन भिक्षूंचा मोठा मठ होता. तोही 1538 साली मोडला. छपराचे शिसे वितळवून लगडी ओतल्या आणि त्यांवर राजमुकुटाचा ठसा मारला. पण त्या हलविण्यापूर्वीच पश्चिमेकडील भिंत कोसळली असावी; चार लगडी ढिगाऱ्याखाली गाडल्या गेल्या. यादीत त्या होत्या की नव्हत्या, राजाच्या खजिन्यास त्या पोचल्या नाहीत एवढे खरे. 1920 नंतरच्या दशकात सरकारी खात्याने अवशेषांची साफसफाई केली तेव्हा त्या तशाच हाती आल्या, प्रत्येकी सुमारे अर्ध्या टनाची, म्हणजे जवळजवळ अर्धा फॉदर. त्याच सुमारास यॉर्कच्या प्रधान चर्चमधील 'पाच बहिणी' नावाच्या 13 व्या शतकातील उंच खिडकीची दुरुस्ती चालू होती. तिच्या हजारो काचा नव्या शिशात बसवावयाच्या होत्या. रीव्होचे शिसे त्या कामी लागले. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या स्त्रियांचे स्मारक म्हणून 1925 साली ती खिडकी पुन्हा समर्पित करण्यात आली.